कल्पेशला माफ करावं का

नवीन पनवेल,
९ फेब्रुवारी २०२५

अरुंधतीताई, नमस्कार.

तुमच्या अटीप्रमाणे फोन न करता पत्र लिहिते आहे. लग्नाचं बोलणं कागदावरच व्हायला हवं, असं तुम्ही देवेशला सांगितलंत, तेव्हा तो घरी येऊन म्हणाला, "आई, आभाची मावशी पस्तीस वर्षं पोस्टात होती. तिचं ऐकावंच लागेल." माझी हरकत नाही. शाळेच्या ऑफिसात आयुष्यभर दाखले लिहिले आहेत, अक्षर बरं आहे. फक्त पोस्टाची पेटी शोधण्यात दोन दिवस गेले. आमच्या सेक्टरमधल्या पेटीपुढे हल्ली मोमोजची गाडी लागते, त्यामुळे पेटी आहे हेच लोक विसरलेत.

तर मुलांनी काढून दिलेल्या तिकिटांवर काल सिनेमा पाहून आले. तुम्हालाही साताऱ्यात तिकीट पाठवलंय म्हणे. त्यांचा डाव काही लपून राहिलेला नाही. फोनवर ओळख होऊन माणूस कळतो कसा, असं आपण दोघी सारखं विचारतो, त्यावर हा उतारा. देवेशने तर बजावलंच, "बघून ये आणि मावशींना तुझं मत कळव, म्हणजे त्या हो म्हणतील." अक्षय तृतीयेचा साखरपुडा तुमच्या होकारावर अडलाय, हे माझ्या लक्षात आहे. हॉलवाल्याला मी अजून झुलवत ठेवलंय.

सिनेमाचं नाव इंग्रजी आहे आणि लक्षात ठेवण्यासारखं नाही. निनाद नावाचा मुलगा मोटारसायकली दुरुस्त करतो. कादंबरी नावाची मुलगी त्याला मोबाइलवर भेटते. निनादला धड दोन ओळी लिहिता येत नाहीत, म्हणून त्याचा मित्र कल्पेश त्याच्या नावाने मेसेज लिहितो. मुलगी त्या मेसेजांवर भाळते. मध्यंतराला भांडं फुटतं, आणि शेवटी जत्रेतल्या पाळण्यात बसून ती दोघांनाही माफ करते. मला हसू आलं. अगदी पोट धरून नाही, पण आलं.

तिकिटं चार होती, म्हणून शेजारचे कृष्णकांतराव, त्यांची पुतणी स्नेहा आणि सुनिता, अशा तिघांना घेऊन गेले. सुनिता सुकापूरहून आमच्या बिल्डिंगमध्ये मासळी घेऊन येते. कृष्णकांतरावांचं मत असं पडलं की मुलीच्या घरचं वायफाय उत्तम आहे, बाकी सगळं अशक्य. स्नेहा म्हणाली, "काकू, एवढं काय त्यात? मीसुद्धा मैत्रिणींना मेसेज लिहून देते." सुनिताने मध्यंतरापर्यंत समोसा खाल्ला. बाहेर आल्यावर रिक्षात मला म्हणते, "आमी कुठं बघून लगीन केला ताय? नावपण धड माहीत नवता. पण जो आला तो तोच होता ना. दुसरा नाय आला."

तुमचं काय मत? विशेष म्हणजे त्या कल्पेशबद्दल. बिचारा मित्राचं भलं करायला गेला, त्याचं इतकं चुकलं का? स्पष्ट लिहा, मला खरंच जाणून घ्यायचंय.

तुमची,
शशिकला

---

सातारा,
१५ फेब्रुवारी २०२५

शशिकलाताई,

"पत्रास कारण की" लिहून एक ओळ फुकट घालवत नाही. तुमचं पत्र सहा दिवसांनी पोचलं. आमच्या वेळी पनवेलची टपाल पिशवी तिसऱ्या दिवशी साताऱ्यात असे. असो, पेटी शोधलीत हे मला आवडलं.

सिनेमा पाहिला. थिएटरात चौदा माणसं होती, त्यातली आठ कॉलेजची, आणि ती सिनेमा बघायला आलेली नव्हती. उरलेल्या सहांत माझ्या शेजारी एक निवृत्त फौजदार होते. त्यांचं मत, मुलीने सायबर सेलला तक्रार करायला हवी होती. पाळण्याच्या प्रसंगात मात्र ते डोळे पुसत होते, मी पाहिलं.

कल्पेशबद्दल विचारता म्हणून सांगते. त्याच्या कानाखाली वाजवायला हवी होती. दुसऱ्याचं पत्र फोडणं हा आमच्या खात्यात गुन्हा होता, नोकरी जायची. दुसऱ्याच्या नावाने लिहिणं तर त्याच्याही पुढचं. "मी भल्यासाठी केलं" हे वाक्य मी काउंटरवर इतक्या वेळा ऐकलंय की त्यावर माझा विश्वास उरलेला नाही.

पण मला वेगळीच गोष्ट खटकली, आणि तुमच्या पत्रात तिचा उल्लेखही नाही. कादंबरीची थोरली बहीण आठवते का? मध्यंतराच्या आधीच तिला कळतं की हे मेसेज निनादचे नाहीत. ती वाचते, हसते आणि काही न बोलता धाकटीला फोन परत देते. सगळे कल्पेशला धरून बसलेत, त्या बहिणीला कुणी काहीच विचारत नाही. तुमच्या पनवेलच्या मंडळींचं तिच्याबद्दल काय म्हणणं आहे? विचारून कळवा.

होकाराची घाई करू नका. आभाला आई नाही, वडील तर ती पाच वर्षांची असतानाच गेले. अडीच वर्षांपूर्वी माझी बहीणही गेली, तेव्हापासून ही मुलगी माझ्या पदरात आहे. उद्या काही झालं तर जाब मलाच द्यायचाय.

अरुंधती

---

नवीन पनवेल,
२३ फेब्रुवारी २०२५

अरुंधतीताई,

बहीण? अहो, ती दोनच प्रसंगांत आहे! आमच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर विचारलं, कुणाला ती आठवतसुद्धा नाही. कृष्णकांतराव म्हणाले, "हिरव्या साडीतली ती? मला वाटलं ती घरमालकीण." तेव्हा तिला सोडा.

कल्पेशवर मात्र कट्ट्यावर तासभर घमासान झालं. आतापर्यंत नऊजणांनी सिनेमा पाहिलाय. पाचजण म्हणाले माफ करावं, तिघं म्हणाले करू नये, आणि कृष्णकांतराव म्हणाले आधी दिग्दर्शकाला पकडा. मी माफ करावं या बाजूला होते, हे तुम्ही ओळखलंच असेल. माझं म्हणणं इतकंच, की कल्पेशने सुरुवात करून दिली. पुढे निनाद आणि कादंबरी भेटले, फिरले, भांडले, ते तर त्यांचंच होतं ना? चूल दुसऱ्या कुणी पेटवली म्हणून त्यावरचा स्वयंपाक खोटा होतो का?

तुमचं "कानाखाली" वाचून मला रात्री जेवण गेलं नाही. गंमत करतेय. पण एक गोष्ट सांगून ठेवते, नंतर कानावर यायला नको. त्या लग्नाच्या साइटवर देवेशचं नाव मीच घातलं होतं. तो तयारच नव्हता. जासईच्या कंटेनर यार्डात त्याच्या पाळ्या अशा, की घरी आल्यावर तो आधी बूट काढून पंधरा मिनिटं भिंतीकडे बघत बसतो. म्हणून फोटो, उंची, शिक्षण, सगळं मी भरलं. सुरुवातीची थोडी विचारपूसही मीच केली. घरोघरी असंच असतं, तुम्हाला माहीतच आहे.

आता कामाचं. ९ मार्चला रविवारी आभाला आमच्याकडे जेवायला पाठवाल का? तिने अजून घर पाहिलेलं नाही. ती पुण्यात राहते, तेव्हा तिथून एसटीने सरळ पनवेल डेपोत उतरेल, देवेश तिथे उभा राहील. तिला पापलेट चालतं ना?

शशिकला

---

सातारा,
१ मार्च २०२५

शशिकलाताई,

आभा ९ तारखेला येईल. पापलेट चालतं, सुरमई जास्त आवडते. तिखट बेताचं ठेवा.

साइटवर नाव कोणी घातलं याची मी चौकशी केली नव्हती. आभाचंही मीच घातलं होतं. तुम्ही म्हणता तसं, घरोघरी असंच असतं.

मात्र एवढ्या मुलांतून देवेशच का, ते तुम्हाला सांगते. तुम्ही आई आहात, तुम्हाला कळायला हवं. गेल्या ऑगस्टमध्ये त्याला विचारलं होतं, वडील गेल्यावर घरात कसं वाटतं. बाकीची मुलं असल्या प्रश्नाला हात जोडलेलं चित्र पाठवून मोकळी होतात. त्याने जे लिहिलं, ते मी वहीत उतरवून ठेवलंय.

"बाबांचा चष्मा अजून फ्रीजवर आहे. शेवटचा पेपर वाचून त्यांनीच तो तिथे ठेवला होता. रोज पुसतो आणि परत तिथेच ठेवतो. कपाटात ठेवायला हवा हे कळतं. पण मग फ्रीजवर काहीच राहणार नाही."

आभाने हे वाचलं आणि माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडली. तिच्या आईची पर्स आमच्याकडे अजून खुंटीला टांगलेली आहे, आतल्या बडीशेपेच्या पुडीसकट. तेव्हा कुठे आभा देवेशशी बोलायला तयार झाली. त्याआधी ती साइट उघडतही नव्हती.

असं लिहिणारा मुलगा तुम्ही कसा वाढवलात, हे मला विचारायचं आहे. सवडीने, पण खरं लिहा.

बहिणीबद्दल तुम्ही कट्ट्यावर नीट विचारलेलं दिसत नाही.

अरुंधती

---

नवीन पनवेल,
१७ मार्च २०२५

अरुंधतीताई,

मागच्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण उत्तर एकच होतं आणि ते लिहायला हात होत नव्हता. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

आभा रविवारी अकराला आली. गोड मुलगी आहे. सुनिताने खास सुरमई आणून दिली होती, ती आभाने मागून खाल्ली. जेवल्यावर देवेश पाण्याची बाटली काढायला फ्रीजकडे गेला, ही त्याच्या मागे गेली. ती फ्रीजपुढे उभी राहिली आणि वरच्या चष्म्याकडे बघत राहिली. मी तिथेच ताटं उचलत होते.

तिने देवेशला विचारलं, "बाबांचा ना?"

देवेश म्हणाला, "हो. आईने ठेवलाय. टाकून देत नाही ती." आणि बाटली उघडून पाणी प्यायला लागला.

आभाने वळून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वर्गात शिक्षक एखादं गणित पुन्हा तपासतात, तसं. नंतर ती नीट बोलली, माझ्या पाया पडली, चारच्या गाडीने गेली. त्या दिवसापासून आज आठ दिवस झाले, देवेशला तिचा एक मेसेज नाही, फोन नाही. त्याला वाटतंय सुरमईत काटा राहिला असेल. तीनदा विचारलं मला त्याने.

अरुंधतीताई, ते मी लिहिलं होतं. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये वीस दिवस देवेश म्हणून तुमच्या आभाशी मी बोलत होते. थोडी विचारपूस नव्हे, रोज बोलत होते. देवेश पाळीला गेला की स्वयंपाकघरात बसायचे आणि लिहायचे. एकविसाव्या दिवशी त्याच्या हातात फोन दिला आणि म्हटलं, चांगली मुलगी आहे, आता तू बोल. त्याने वरचं वाचलंसुद्धा नाही, सरळ "हाय" लिहिलं.

कल्पेशचं सगळं समर्थन मी माझ्यासाठी करत होते. कट्ट्यावरच्या पाच मतांतलं एक माझं होतं, आणि दोन मी चहा पाजून वळवलेली होती.

चष्म्याचं कसं झालं तेही सांगते. त्या वीस दिवसांतल्या पहिल्याच आठवड्यात यांचं वर्षश्राद्ध होतं. माणसं जेवून गेली, देवेश कामावर गेला. फोन वाजला, आभाचा प्रश्न आला: घरात कसं वाटतं? वर्षभर लोकांनी मला विचारलं होतं पेन्शनचं काय झालं, गॅसचं नाव बदललं का, मुलाचं लग्न कधी. कसं वाटतं, हे कुणीच विचारलं नव्हतं. मी देवेशचं नाव विसरले आणि माझंच लिहिलं. फक्त "पुसते"चं "पुसतो" केलं.

आभा येण्याच्या आदल्या दिवशी देवेशला पढवून ठेवावं असं शंभरदा मनात आलं. चष्म्याचं विचारलं तर असं असं सांग, एवढंच म्हणायचं होतं. चष्मा उचलून कपाटात टाकावा असंही वाटलं. दोन्ही केलं नाही. चांगुलपणा म्हणून नाही, त्याला काय सांगून पढवायचं तेच कळेना.

काल देवेशला सगळं सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "तू रोज पुसतेस तो?" एवढंच विचारलं त्याने. मग डबा न घेता जासईला गेला.

तुम्ही आता नकार कळवाल, तो मला कळेल. तुमची कानाखाली मला मान्य आहे. पण त्यात देवेशचा काही दोष नाही. त्याला मांडून सांगता येत नाही, मुलगा मात्र सरळ आहे. आभाला एवढं एक सांगा.

शशिकला

---

सातारा,
२२ मार्च २०२५

शशिकलाताई,

तुमचं पत्र तीन दिवसांत आलं, आणि मी ते तीनदा वाचलं.

आता माझं ऐका. कादंबरीच्या त्या बहिणीबद्दल मी दोनदा विचारलं, कारण ती बहीण मी आहे.

तुम्ही आभाशी बोलत नव्हता. त्या वीस दिवसांत तुम्ही माझ्याशी बोलत होता. आभाला वेळ नव्हता, इच्छाही नव्हती, म्हणून साइटवर तिच्या नावाने मीच उत्तरं देत असे. हे आभाला ठाऊक होतं. घरात कसं वाटतं, हा प्रश्न माझा होता. माझी बहीण जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती, आणि मलाही ते कुणी विचारलं नव्हतं. म्हणून मी लोकांना विचारत सुटले होते.

तुमचं उत्तर आलं आणि तिसऱ्याच वाक्यात मला कळलं. तीस वर्षांचा मुलगा रोज फ्रीजवरची धूळ पुसत नाही, ताई. पुसत असता तर त्याचं लग्न केव्हाच झालं असतं. हे आईने लिहिलंय, हे कळूनही मी तो फोन आभापुढे धरला आणि म्हटलं, "बघ, मुलगा काय लिहितो ते." ती रडली तेव्हा मी तिच्या पाठीवरून हात फिरवत उभी होते. तुमच्या हातून त्या दिवशी भरात झालं. मी पूर्ण शुद्धीत केलं.

कारण सांगते, समर्थन म्हणून नाही. मुलगा पारखायला आभा समर्थ आहे. पण तिला आई नाही. ज्या घरात जाईल तिथे तिला कोण भेटणार, हे कोण बघणार होतं? म्हणून उरलेले दिवस मी तुम्हालाच पारखलं. तुम्ही पावसाळ्यात बोंबील कसे ठेवता इथपासून सगळं विचारलं. मी सासू पसंत केली आणि मुलाच्या नावावर भाचीच्या गळ्यात बांधायला निघाले. नंतर धीर होईना. म्हणून पत्रांची अट घातली. म्हटलं, तुम्ही आपणहून तुमच्या नावाने लिहाल. चष्म्याचं उतरवून पाठवलं तेही त्यासाठीच. तुम्ही बोललात. उशिरा, पण माझ्याआधी.

परवा एसटीने पुण्याला गेले आणि आभाला सगळं सांगितलं. तिने चहा केला, कप माझ्यापुढे ठेवला. चष्म्याचं तिने तुमच्या घरीच ओळखलं होतं. मला आधीपासून माहीत होतं, हे मात्र तिला नवीन होतं. ऐकून म्हणाली, "मावशी, तू आज जा." मी चहा न पिता आले. सत्तावीस वर्षांत ती मला जा म्हणालेली नव्हती.

होकार आणि नकार दोन्ही आता माझ्या हातात नाहीत. तसे असायलाही नको होते.

अरुंधती

---

पुणे,
३० मार्च २०२५

काकूंना,

पाकीट आणि तिकीट आणायला मीच पोस्टात गेले होते. तुम्ही दोघी सिनेमाबद्दल एवढ्या लिहीत होतात, माझं मत कुणीच विचारलं नाही, म्हणून कळवते आहे.

तुमच्याकडून आल्यावर मी सगळे मेसेज पहिल्यापासून वाचले. मावशी माझ्या नावाने लिहायची हे मला माहीत होतं, आणि ते मी देवेशला कधी सांगितलं नव्हतं. त्यामुळे मला फार आवाज चढवता येत नाही. तरी राग आला, अजून आहे. ज्या ओळींवर मी एवढा मोठा निर्णय उभा केला, त्या त्याच्या नव्हत्या.

मग त्याच्या ओळी काय आहेत ते बघितलं. सप्टेंबरपासून रोज एकदा "जेवलीस का?" असं आहे. मी ताप आला लिहिल्यावर "डॉक्टर?" असा एका शब्दाचा मेसेज आहे, आणि दोन तासांनी दारात तो स्वतः होता, हे मला विसरायला झालं होतं. कळंबोलीच्या ट्रॅफिकचे एकवीस फोटो आहेत. ते का पाठवले असतील, अजून कळत नाही.

काल तो पुण्याला आला. काही ठरवून आलेला नव्हता. म्हणाला, "मला लिहिता येत नाही. पण मी रोज त्या फ्रीजमधून पाणी काढतो आणि आई काय करते ते मला दिसलं नाही. तू रागावलीस त्यापेक्षा मला हे जास्त लागलं." आम्ही बराच वेळ बसलो.

अक्षय तृतीयेला साखरपुडा करायचा नाही, असं मी ठरवलंय. हॉलवाल्याला कळवून टाका. दर रविवारी आम्ही भेटू, आधी एकमेकांची खरी ओळख होऊ दे. दिवाळीत बघू. देवेश हो म्हणाला. त्याला वाईट वाटलं, पण म्हणाला.

आता तुमच्यासाठी. चष्म्याचं देवेशने लिहिलेलं नाही, याचा मला राग आहे. पण ते खोटं नव्हतं, हेही मला कळतं. आई गेल्यावर माझ्याशी इतकं खरं कुणी बोललं नव्हतं. सिनेमात कल्पेशला चार मिनिटांत माफी मिळते, आणि तीच त्या सिनेमातली सगळ्यात खोटी गोष्ट आहे. तुम्हालाही दिवाळीपर्यंत थांबावं लागेल. तोवर लिहायचं असेल तर लिहा, फक्त स्वतःच्या नावाने.

मावशीचा फोन मी अजून उचललेला नाही. उद्या उचलेन. तुम्ही तिला एकटं पडू देऊ नका.

आभा

---

नवीन पनवेल,
१३ एप्रिल २०२५

अरुंधतीताई,

आभाचं पत्र तुम्हाला वाचायला पाठवते आहे, तिची परवानगी घेऊन. परत पाठवा, मला जपून ठेवायचंय. दुसऱ्याच दिवशी तुम्ही दोघी फोनवर बोललात हे तिनेच कळवलं. काय बोललात ते मी विचारलं नाही. दुसऱ्यांच्या बोलण्यात शिरायची माझी ही पहिलीच वेळ नसती, म्हणून मुद्दाम नाही विचारलं.

हॉल सोडला. हॉलवाला जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही. साखरपुडा पुढे गेला हे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना कळलंय. कृष्णकांतरावांनी कारण विचारलं, तेव्हा कट्ट्यावर उभी राहून मी माझं मत बदललं आणि का बदललं तेही सांगितलं. माझे कान गरम झाले होते. कृष्णकांतराव म्हणाले, "म्हणजे त्या दोघांना तुम्ही चहा पाजत होतात ते...?" मी म्हटलं, हो, तेच.

सुनिताला तुमच्या त्या हिरव्या साडीतल्या बहिणीबद्दलही विचारलं. कोळंबी निवडता निवडता थांबली आणि म्हणाली, "ती? ती वाईट नाय ताय. ती घाबरलेली हाय. धाकटीला कोण संभालल म्हणून." तुम्ही मागितलेलं पनवेलचं मत हे असं आहे. उशिरा मिळालं, माफ करा.

देवेशला काही बोलून दाखवता येत नाही, ते तुम्हाला एव्हाना पाठ झालंय. त्या दिवसानंतर तो माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होता. जेवायला वाढलं की जेवायचा, डबा घ्यायचा, जायचा. मीही काही विचारत नव्हते. दिवाळीचं काय होईल याची भीती मला आहेच. पण त्याहून मोठी भीती ही होती की एक मुलगी मिळवायला जाऊन मी माझा मुलगा घालवला.

काल सकाळी उठले. देवेश पहिल्या पाळीला निघून गेला होता. नेहमीसारखं फडकं घेतलं आणि फ्रीजपाशी गेले. चष्मा पुसलेला होता. काचेवर बोटांचे ठसे राहिले होते, त्याला कुठे सवय आहे. खालची धूळही पुसलेली होती. मी रोज तो काचा खिडकीकडे करून ठेवते, पेपर वाचताना हे तसेच बसायचे. देवेशने तो भिंतीकडे तोंड करून ठेवला होता, कामावरून आल्यावर तो स्वतः बसतो तसा.

मी फडकं जागेवर टांगलं. चष्मा तसाच राहू दिलाय.

तुमच्या बहिणीच्या पर्सबद्दल लिहा. सवडीने लिहा, पण लिहा. तुम्हाला घरात कसं वाटतं?

शशिकला